नाव ज्याचे, किल्ली त्याची



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले आणि विषय आमच्यावरच सोपविला. कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला की तो पगार, बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चुकीची नाही. पण गेली काही वर्षे आमच्याकडे एका नव्या जातीची तक्रार येऊ लागली आहे. ती पगाराची नाही, कामाच्या तासांचीही नाही. "माझ्या नावावर हे काम कोणी केले?" अशी ती तक्रार आहे. पतसंस्थेतले कारकून ती घेऊन येतात, ग्रामपंचायतीत संगणक चालविणाऱ्या मुली घेऊन येतात, कधी निवृत्तीला चार महिने उरलेला एखादा जुना लेखनिक घेऊन येतो. म्हणून आज संगणकात शिरण्याच्या किल्लीविषयी बोलावयाचे ठरविले आहे.

आम्ही कॉलेजात गेलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या चौकशीचे कागद वाचता वाचता शिकलो. त्यामुळे विषय यंत्राचा असला तरी आम्ही तो कामगाराच्या बाजूनेच मांडणार, हे आधीच सांगून टाकतो.

प्रश्न जुना आहे. समोर आलेला माणूस तोच आहे हे ओळखावयाचे कसे, आणि त्याने दिलेला शब्द त्याचाच होता हे पुढे सिद्ध करावयाचे कसे? मराठेशाहीत कागदाच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब उठे; 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण अजून रोज वापरतो. ज्याला शिक्का नाही, त्याला अंगठा. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. या माणसाने पुढे 'हे मी लिहून दिलेच नाही' असे म्हणू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

पण अंगठ्याचे पुढे काय झाले, हे आपल्या शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक आहे? अंगठा खरा होता, कागद मात्र कोरा होता. आकडा सावकाराने मागाहून भरला. कोर्टात गेल्यावर न्यायाधीश विचारी, "हा अंगठा तुझा ना?" "माझा." मग खटला संपला! १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी उठले आणि त्यांनी पहिल्याने कशाला हात घातला असेल, तर तो खतांना. खते जाळली. त्यानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या होत्या. शेतकऱ्याने करून द्यावयाचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, ही एक. आणि कोर्टाने नुसत्या खतावर न थांबता त्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासावा, ही दुसरी. आमचे आजचे सगळे म्हणणे या दोन गोष्टींतच आहे. फक्त खताच्या जागी संगणक आला आहे.

गिरणीच्या काळात कामगाराची ओळख बिल्ल्याने होई. खानदेशात जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव येथे गिरण्या होत्या; त्यांत घाम गाळलेल्यांची मुले-नातवंडे या सभेतही असतील. बिल्ला म्हणजे नंबराचा पत्रा. एकाचा बिल्ला दुसऱ्याने टाकला तर हजेरी लागे, पण फसवणूक झाली तरी ती एका दिवसाच्या मजुरीची. आणि माग चालविणारा कोण, हे जॉबरला डोळ्यांनी दिसत असे. संगणकात कोणी कोणाला पाहत नाही. तेथे नाव हाच माणूस.

संगणकाच्या दाराशी पहिला पहारेकरी बसविला तो पासवर्डचा. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत एकच यंत्र अनेकजण वापरू लागले, तेव्हा प्रत्येकाची कामे वेगळी राहावीत म्हणून फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती काढली. १९६२ साली तेथल्याच एका संशोधकाने यंत्रावर जादा वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली. म्हणजे पासवर्ड जन्मला आणि लागलीच चोरीला गेला! कारण तो शब्द आहे, आणि शब्द एकदा तोंडातून निघाला की तो कोणाचाच राहत नाही. आपल्या कचेऱ्यांत तर तो कीबोर्डाखाली चिठ्ठीवर लिहिलेला असतो, आणि साहेबांना, शिपायाला, शेजारच्या टेबलालाही पाठ असतो.

मग ओटीपी आला. तोही शब्दच, फक्त दोन घटका जगणारा. फोनवरून गोड बोलून तो काढून घेणारे चोर किती आहेत, ते या सभेतील अनेकांना अनुभवाने माहीत असेल. नकली पान हुबेहूब खऱ्यासारखे दिसते; थकलेला माणूस पासवर्ड टाकतो, ओटीपी टाकतो, आणि पलीकडे बसलेला चोर तेच दोन्ही खऱ्या दाराशी टाकून आत जातो.

यावर जी वस्तू निघाली ती सुरक्षा-किल्ली. दिसावयाला पेनड्राइव्हसारखी, लांबी बोटाच्या पेराहून थोडी अधिक. संगणकाच्या यूएसबीच्या खाचेत ती घालावयाची, पिन विचारला तर द्यावयाचा, आणि तिच्यावरील धातूच्या ठिपक्याला बोट लावावयाचे. दार उघडते. पुष्कळांना वाटते की ती बोटाचा ठसा घेते. काही किल्ल्या घेतात, पण साधी किल्ली घेत नाही. कोणी जिवंत माणूस यंत्राजवळ बसला आहे, दूर देशातून कोणी दोरी ओढीत नाही, एवढेच त्या स्पर्शाने कळते.

तिचे काम समजण्यास गणित यावेच लागते असे नाही. किल्लीच्या पोटात एक फार मोठा गुप्त आकडा असतो. तो तेथेच तयार होतो आणि बाहेर येत नाही. त्याचा एक जोडीदार आकडा असतो, तो कचेरीच्या मुख्य संगणकाकडे नोंदवितात. हा जोडीदार जगाने पाहिला तरी चालतो, कारण त्यावरून गुप्त आकडा हुडकणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. आपण दाराशी गेलो की मुख्य संगणक दर वेळी नवाच प्रश्न टाकतो. किल्ली आपल्या गुप्त आकड्याने त्या प्रश्नावर सही करते आणि मुख्य संगणक जोडीदार आकड्याने ती सही पडताळून पाहतो. उद्याचा प्रश्न निराळा, म्हणून आजची सही चोरून उद्या काही उपयोग नाही. ही कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली जगापुढे मांडली. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणण्याची रीत दिली.

यात आणखी एक खुबी आहे. किल्ली सही करण्यापूर्वी दाराचे नाव पाहते. ज्या दाराशी तिची नोंदणी झाली, त्याच दाराला ती उत्तर देते. नकली पानाला माणूस फसेल. पण त्या पानाचे नाव निराळे असते, म्हणून किल्ली फसत नाही. गूगल कंपनीने २०१७ च्या आरंभापासून आपल्या ८५,००० हून अधिक नोकरांना अशी किल्ली सक्तीची केली, आणि नकली पानाला फसून कोणाचे खाते गेल्याची एकही नोंद त्यानंतर झाली नाही, असे कंपनीने २०१८ साली सांगितले. २०२२ साली क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीच्या नोकरांना चोरांनी नकली संदेश पाठविले. तिघांनी आपले पासवर्ड नकली पानावर टाकलेही. पण आत जावयाला किल्ली लागत होती आणि ती नोकरांच्या जवळ होती. चोर दारातूनच परत गेले. हे तिघे काही मूर्ख नव्हते. दिवसभर काम करणारा माणूस कधीतरी फसणारच, हे धरून चालणारे साधन चांगले. कामगाराच्या डोक्यावर खापर फोडणाऱ्या साधनापेक्षा ते शतपटीने चांगले.

आता कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे झाले, चोपड्याचे काय? तर याच जातीची एक वस्तू आपल्या गावोगाव केव्हाच येऊन बसली आहे. तिला आपण 'डोंगल' म्हणतो. ती डिजिटल सहीची किल्ली. आपण घरबसल्या जो डिजिटल सहीचा सात-बारा काढतो, आणि जो राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला, त्याच्या मागे तलाठ्याची डोंगल आहे. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण सही त्यांचीच. ग्रामपंचायतीत वित्त आयोगाचा पैसा निघावयाचा तर ग्रामसेवकाची आणि सरपंचाची, अशा दोन डोंगला लागतात. दोन्ही वस्तू अगदी एक नव्हेत. सुरक्षा-किल्ली दार उघडते, तर डोंगल कागदावर सही करते आणि त्या सहीला कायद्याचे बळ असते. डोंगल दाराचे नावही तशी पाहत नाही. परंतु दोहोंच्या पोटात तोच गुप्त आकडा आणि तेच गणित. आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की ज्याच्या हाती ती वस्तू आणि ज्याला पिन ठाऊक, तोच यंत्राच्या लेखी तो माणूस.

तिजोरीला दोन किल्ल्या का असतात, हे बँकेत जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एक रोखपालाकडे, एक व्यवस्थापकाकडे. एकट्याने तिजोरी उघडू नये म्हणून. ग्रामपंचायतीच्या दोन डोंगलांमागे हेच शहाणपण आहे. आता सांगा, त्या दोन्ही डोंगला एकाच टेबलाच्या खणात असल्या, आणि दोन्ही पिन त्याच खणातल्या वहीवर लिहिलेले असले, तर त्या दोन किल्ल्या राहिल्या काय? आणि तो खण बहुधा कोणाचा असतो? ज्याला सर्वांत कमी मानधन मिळते, त्या संगणक चालविणाऱ्या पोराचा. सही सरपंचांची, सही ग्रामसेवकांची, आणि घोटाळा निघाला की पोलीस आधी विचारणार, डोंगल लावली कोणी?

उलट प्रकारही आहे. एका कचेरीतील लेखनिकाला आम्ही विचारले, "भाऊ, तुझ्या नावाची डोंगल कोठे आहे?" तो म्हणाला, "अप्पा, ती तर साहेबना कपाटमा शे." स्वतःची सही दुसऱ्याच्या कपाटात! आमच्या पणज्याचा अंगठा सावकाराच्या पेटीत होता, त्याहून हे निराळे कसे म्हणावे?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. माहिती तंत्रज्ञानाचा कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याचे कलम ४२ सांगते की ज्याच्या नावाचे प्रमाणपत्र आहे त्याने आपली गुप्त किल्ली ताब्यात राखण्याची वाजवी काळजी घ्यावी. ती फुटली तर विलंब न लावता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवावे. आणि कळवीपर्यंत जबाबदारी त्याचीच. ध्यानात घ्या, कपाट साहेबांचे असले तरी जबाबदारी लेखनिकाचीच राहते. त्याच कायद्याचे कलम ६६-सी म्हणते की दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही वा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे दुसरे कलम आपले संरक्षण आहे, पण 'मी वापरले नाही' हे दाखविता आले तरच.

ते दाखविणे किती कठीण असते, याचे एक उदाहरण देतो. आपल्या जिल्ह्यातील एका पतसंस्थेत एक बाई कारकून होत्या. संस्थेचे नाव घेत नाही. त्या बाळंतपणाच्या रजेवर असताना त्यांच्या नावाने संगणकात शिरून काही कर्जांच्या नोंदी मंजूर झाल्या. पासवर्ड साऱ्या कचेरीला माहीत होता. कामे अडू नयेत म्हणून वरिष्ठांनीच तो सांगावयास लावला होता. कर्जे बुडाली तेव्हा नोटीस बाईंना आली, 'तुमच्या लॉगिनवरून व्यवहार झाले आहेत.' संघटनेने एकच कागद मागितला, तो म्हणजे हजेरीपत्रक. ज्या दिवशी बाई घरी होत्या, त्या दिवशी त्यांच्या नावाने मंजुरी झाली कशी? चौकशी चौदा महिने चालली. नोकरी राहिली, पण त्या चौदा महिन्यांत त्या घराने जे सोसले त्याची भरपाई कोणी दिली नाही. आणि त्या दिवसांत बाई कामावर हजर असत्या, तर? हजेरीपत्रक त्यांच्याच विरुद्ध गेले असते.

हे आडगावातच घडते असे समजू नका. इंग्लंडच्या पोस्ट खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक-व्यवस्था शाखांत बसविली. शाखा चालविणाऱ्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते सांगत होते की पैसे आम्ही घेतले नाहीत. खाते म्हणे, संगणक सांगतो ते खरे. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरे गेली. पोस्टमास्तर एकत्र आले, कोर्टात गेले, आणि २०१९ च्या डिसेंबरात न्यायालयाने निकाल दिला की त्या व्यवस्थेत दोष होते, आणि शाखेच्या हिशेबात बाहेरून, पोस्टमास्तराला कळू न देता, हात घालता येत होता. अखेर २०२४ साली पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. एकेकटा माणूस वीस वर्षे खोटा ठरला. एकत्र आल्यावर खरा ठरला. संघटना कशाला हवी असे विचारणाऱ्यांना आम्ही ही गोष्ट सांगतो.

तेव्हा किल्लीला कामगाराने भिऊ नये. उलट ती मागून घ्यावी. पासवर्ड असताना 'कोणीही टाकला असेल' हे खरे असूनही सिद्ध होत नाही. किल्ली माझ्या खिशात असेल, तर माझ्या नावाचे काम मीच केले, आणि माझी किल्ली नव्हती तेथे मी नव्हतो, हे म्हणण्याला जोर येतो. पण किल्ली खरोखर माझ्या खिशात असली पाहिजे. नाहीतर आपण कोऱ्या कागदावर अंगठा देऊन बसलो, आणि तोही पूर्वीपेक्षा पक्का.

आमच्या मागण्या सहा आहेत. पहिली, किल्ली ज्याच्या नावाची त्याच्याच ताब्यात. सामायिक खण नाही, साहेबांचे कपाट नाही, आणि पिन कोणालाही सांगण्याची सक्ती नाही. दुसरी, किल्ली हे कामाचे हत्यार आहे, म्हणून खर्च मालकाचा. आणि प्रत्येकाला दोन किल्ल्या, एक रोजची आणि एक हरवल्यास उपयोगी पडावी म्हणून घरी जपून ठेवलेली. तिसरी, किल्ली हरवल्याचे लेखी कळविताच ती बंद व्हावी, पोच मिळावी, आणि कळविणाऱ्याला गुन्हेगार समजू नये. पगारातून कापावयाचे तर आधी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. १९३६ च्या वेतनाच्या कायद्यात हे तत्त्व होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. चौथी, माझ्या नावाने केव्हा, कोणत्या यंत्रावरून प्रवेश झाला ती नोंद मला मागताच पाहावयास मिळावी. पाचवी, बदली, दीर्घ रजा वा निवृत्ती होताच त्याच दिवशी त्या नावाचा प्रवेश बंद व्हावा. आणि सहावी, नोटीस देण्यापूर्वी नुसत्या लॉगिनच्या नोंदीवर न थांबता तिच्या मागे जाऊन चौकशी व्हावी. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला जे दिले, तेच आम्ही कारकुनासाठी मागतो.

यावर वरिष्ठांचे एक उत्तर ठरलेले असते. "मग अमका रजेवर गेला की काम अडेल." आम्ही म्हणतो, अडू द्या, म्हणजे ते का अडते ते दिसेल. चार माणसांचे काम दोघांवर टाकले की एकाच्या नावाने दुसऱ्याला बसवावे लागते. पासवर्ड वाटून घेणे हा पुष्कळदा रिकाम्या जागा झाकण्याचा उपाय असतो. रजेवर गेलेल्याचे काम दुसऱ्याला द्यावयाचे असेल तर तसा लेखी हुकूम द्या, त्याला त्याच्या नावाची किल्ली द्या, आणि तेवढी माणसे भरा.

आमच्या कामगार बंधूंचीही एक शंका असते. "हा आणखी एक पहाराच ना?" शंका रास्त आहे. हजेरीसाठी अंगठा घेणारे यंत्र आणि ही किल्ली यांत मात्र भेद करा. अंगठ्याचा नमुना एकदा चोरीला गेला तर नवा अंगठा कोठून आणावयाचा? किल्ली गेली तर जुनी रद्द करून नवी घेता येते. साधी किल्ली तुमच्या देहाचे काही साठवीत नाही. तिची नोंद तुमच्यावर पाळत ठेवण्यास वापरली जाऊ नये, यासाठी मात्र जागरूक राहिले पाहिजे. ते काम यंत्र करणार नाही.

किल्लीने सर्व चोऱ्या थांबतील असेही आम्ही सांगत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तेथे चोरांनी बँकेच्या व्यवस्थेत शिरून पैसे काढण्याला खोटी मंजुरी देणारी यंत्रणाच मधे उभी केली होती. भिंत फोडून आलेल्याला दाराची किल्ली काय अडविणार? आणि 'किल्ली हरवली, नवा प्रवेश द्या' असा नुसता फोन आल्यावर दार उघडणारी कचेरी असेल, तर चोर किल्ली चोरण्याचे श्रम घेणारच नाही. तो फोन करील.

शेवटी नागरिक म्हणून आपणां सर्वांना एक विनंती. आपला सात-बारा, आपली ठेव, आपल्या गावच्या रस्त्याचा पैसा, हे सारे कोणाच्या तरी किल्लीने पुढे सरकते. ग्रामसभेत बसलात की एक प्रश्न जरूर विचारा, "आपल्या ग्रामपंचायतीच्या दोन डोंगला आज कोणाकोणाच्या ताब्यात आहेत?" पतसंस्थेच्या वार्षिक सभेत विचारा, "येथे प्रत्येक नोकराला स्वतःच्या नावाचा प्रवेश आहे काय?" प्रश्न साधे आहेत, विचारावयाला पैसा पडत नाही, आणि त्यांचे उत्तर ऐकताना समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि त्याच साली शेतकरी खते जाळीत होते. आज कोणाला काही जाळावयाचे नाही. किल्ली ज्याच्या नावाची त्याच्या खिशात जावी, एवढेच करावयाचे आहे; आणि ते उद्या सकाळी कचेरी उघडताच करता येण्याजोगे आहे.